‘एनी टाइम’ लिहू नकोस: मुलाखतीची वेळ इंग्रजीत ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीची एक मुलगी ठाण्यात एका सीए फर्ममध्ये तीन वर्षं अकाउंट्सचं काम करते आहे. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. बीकेसीतल्या, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलातल्या, एका कंपनीच्या एचआरमधल्या बाईंचा तिला मेल आला: ‘प्लीज शेअर युअर अव्हेलेबिलिटी फॉर अ‍ॅन इंटरव्ह्यू नेक्स्ट वीक.’ तिने उत्तर लिहून ठेवलंय, पण पाठवायचा धीर होत नाही. उत्तर असं: ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम फ्री एनी टाइम. काइंडली फिक्स द टायमिंग अ‍ॅज पर युअर कन्व्हीनियन्स अँड रिव्हर्ट द सेम. प्लीज डू द नीडफुल.’ ती विचारते, ‘ताई, हे पुरेसं नम्र आहे का? आणि खरं सांगायचं तर दहा-अकरा तारखेला मला निघताच येणार नाही. पण तसं लिहिलं तर त्यांना राग येईल का?’

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी गेली बावीस वर्षं मुंबईत नोकरभरतीचं काम करते. मुलाखतीच्या वेळा ठरवणारे किती मेल वाचले याची गणतीच नाही. तुझा मेल नम्र आहे, त्यात शंका नाही. फक्त ती नम्रता वाचणाऱ्या बाईंच्या काही उपयोगाची नाही. आणि राग कुणालाही येणार नाही. राग येतो तो नंतर, ‘एनी टाइम’ म्हणणाऱ्या माणसाने ठरलेल्या दिवशी ‘सॉरी, जमत नाही’ म्हटलं की.

एक सांगून ठेवते. खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. आधी ती तोंडाने म्हणून बघ. तोंडात बसलेलं वाक्य फोनवरही नीट निघतं, आणि तुला फोन येणारच आहे.

आधी नम्रतेचं बघू. मराठीत ती सर्वनामात आणि क्रियापदाच्या टोकाला बसलेली असते. ये, या, यावं, येता का, येणं जमेल का: एका शब्दाचं टोक बदललं की समोरच्याला आपण कुठे बसवलं ते कळतं. मी तुला एकेरीत लिहिते यातही एक नातं आलं. इंग्रजीत हे होत नाही, तिथे साहेबालाही ‘यू’ आणि शिपायालाही ‘यू’. पूर्वी इंग्रजीतही ‘दाऊ’ होता, आपल्या ‘तू’सारखा. तो बोलण्यातून गेला आणि राहिला तो ‘यू’, म्हणजे खरं तर ‘तुम्ही’. म्हणून ‘यू’ लिहिताना अपमान होतोय असं मनात आणू नकोस. मराठी माध्यमातल्या मुलामुलींना ‘आपण’ची जागा रिकामी वाटते आणि ती भरायला ती ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’, ‘हंबल रिक्वेस्ट’ असे शब्द ओतत जातात. इंग्रजीतली नम्रता त्या शब्दांत फारशी नाही. ती आहे प्रश्न विचारण्यात, आणि ‘वुड’, ‘कुड’ यांच्यात.

‘वुड’ आणि ‘कुड’ मुळात ‘विल’ आणि ‘कॅन’ यांची भूतकाळी रूपं. आज मागायची गोष्ट भूतकाळात का मागायची, असं मला शाळेत वाटायचं. मग लक्षात आलं की आपणही तेच करतो. शेजारच्या काकूंकडे गेल्यावर आपण ‘एक विचारायचं आहे’ असं थेट म्हणत नाही, ‘काकू, जरा एक विचारायचं होतं’ म्हणतो. ‘होतं’ म्हटल्याने मागणी एक पाऊल मागे उभी राहते आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. ‘कुड वी मीट ऑन थर्सडे?’ यातला ‘कुड’ हा तो ‘होतं’ आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची गरज उरत नाही.

आता तुझ्या ‘एनी टाइम’कडे येते. वेळ ठरवणाऱ्या बाईंसमोर काय असतं ते बघ. एका जागेसाठी सहा-सात उमेदवार, मुलाखत घेणारे दोन-तीन जण, प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं, आणि बैठकीची खोली एकच. त्यांना हवे असतात दोन-तीन ठोस तुकडे, जे त्या कॅलेंडरवर ठेवून बघता येतील. ‘एनी टाइम’ वाचून त्या बुधवार, ११ तारीख टाकतील. तू मासिक रिटर्न भरणाऱ्या फर्ममध्ये काम करतेस, जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, मुदत ११ तारीख, त्या दिवशी तुला रजा कोण देणार? मग तू रात्री माफीचा मेल लिहिणार आणि त्या सगळ्यांची कॅलेंडर पुन्हा हलवणार. आज सरळ गुरुवार आणि शुक्रवार सांगितलेस तर हे काहीच होत नाही. कारण द्यायचीही गरज नाही. आणि विचारलंच तर खरं सांग, अकाउंट्सच्या माणसाला अकरा तारीख समजावून सांगावी लागत नाही. दुसरी फेरी त्याच्याही पुढच्या आठवड्यात निघाली तर २० तारीखही सांभाळ, जीएसटीआर-३बी या दुसऱ्या रिटर्नची मुदत तेव्हा असते.

मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘डिअर मॅडम, थँक यू फॉर युअर मेल. आय वुड बी ग्लॅड टु कम इन फॉर अ‍ॅन इंटरव्ह्यू. आय अ‍ॅम अव्हेलेबल ऑन थर्सडे, १२ जून, बिटवीन ११ ए.एम. अँड १ पी.एम., ऑर ऑन फ्रायडे, १३ जून, एनी टाइम आफ्टर ३ पी.एम. इफ नीदर ऑफ दीज सूट्स यू, प्लीज लेट मी नो अँड आय विल डू माय बेस्ट टु फाइंड अनदर टाइम. कुड यू ऑल्सो टेल मी व्हेदर द इंटरव्ह्यू विल बी अ‍ॅट युअर ऑफिस ऑर ऑनलाइन?’

खाली नाव, मोबाइल नंबर, संपलं. विषयाच्या ओळीत ‘इंटरव्ह्यू’, पदाचं नाव आणि तुझं नाव. त्यांच्या मेलला उत्तर देत असशील तर त्यांचीच विषयओळ राहू दे, म्हणजे धागा तुटत नाही.

मेल बाईंचा आणि तू लिहिलंस ‘रिस्पेक्टेड सर’. ही चूक व्याकरणाच्या दहा चुकांपेक्षा मोठी आहे, कारण मेलच्या खालचं नाव तू वाचलंच नाहीस असं त्यातून दिसतं. त्यांनी खाली फक्त पहिलं नाव लिहिलं असेल तर ‘डिअर’ आणि ते नाव, एवढंही चालतं. वयाने मोठ्या बाईंना नावाने हाक मारायला आपल्याला जड जातं हे मला कळतं. तितकं जड जात असेल तर ‘मॅडम’ लिही. मुंबईतल्या ऑफिसांत ते कुणाला खटकत नाही. परदेशी मॅनेजर असेल तर मात्र नावच लिही.

गुरुवारची वेळ मी अकरापासून का धरली? डोंबिवलीहून सकाळी साडेनऊला बीकेसीत पोचायचं म्हणजे ऐन गर्दीची फास्ट, कुर्ल्याला उतरून रिक्षा किंवा बसची रांग, मग बिल्डिंगच्या गेटवर ओळखपत्र दाखवून पास. घामेजलेल्या अंगाने आणि धडधडत्या छातीने मुलाखतीला बसू नये. वेळ देताना प्रवास आधी मोजायचा. तुझ्या प्रवासाची कल्पना त्या बाईंना असणार नाही, त्या कदाचित बांद्र्यातच राहत असतील.

आता काही वाक्यं, जी मराठीतून सरळ उचलली की घसरतात. ‘तुम्हाला सोयीचं असेल तर’ याचं आपण ‘इफ यू आर कन्व्हीनियंट’ करतो. इंग्रजीत माणूस कन्व्हीनियंट नसतो, वेळ असते: ‘इफ दॅट इज कन्व्हीनियंट फॉर यू’, किंवा नुसतं ‘इफ दॅट सूट्स यू’. तसंच ‘आय अ‍ॅम नॉट पॉसिबल ऑन वेन्सडे’ नाही, ‘वेन्सडे इज डिफिकल्ट फॉर मी’. हे ‘डिफिकल्ट’ फार उपयोगी आहे. आपलं ‘जरा अवघड आहे’ जसं प्रत्यक्षात ‘नाही’ असतं, तसंच तेही.

‘येण्याचा प्रयत्न करते’ आपल्याकडे नम्रपणाचं. ‘आय विल ट्राय टु कम’ वाचून मात्र एचआर समजते की ही बहुधा येणार नाही. येणार असशील तर ‘आय विल बी देअर’. आणि इथे ‘वुड’ नको! हे अगदी ठसवून सांगते, कारण चांगलं इंग्रजी असलेले लोकही इथे चुकतात. ‘आय वुड बी अटेंडिंग द इंटरव्ह्यू ऑन थर्सडे’ त्यांना जास्त अदबशीर वाटतं. पण ‘वुड’ला ‘असतं तर’चा वास येतो, वाचणारा थांबतो: आली असती, पण काय? मागताना ‘वुड’, शब्द देताना ‘विल’.

‘यू कॅन कॉल मी आफ्टर फोर.’ मराठीत ‘तुम्ही चारनंतर फोन करू शकता’ यात काही वावगं नाही, इंग्रजीत मात्र ते परवानगी दिल्यासारखं लागतं. ‘प्लीज कॉल मी अ‍ॅट फोर’ यात प्लीज असूनही आज्ञाच आहे. आपल्या ‘करा’मधला आदर भाषांतरात गळून पडतो. ‘कुड यू कॉल मी आफ्टर फोर, इफ दॅट वर्क्स फॉर यू?’ हे बरोबर.

उलट टोकालाही जाऊ नकोस. ‘आय वॉज वंडरिंग इफ इट माइट पॉसिबली बी कन्व्हीनियंट’ अशी साखळी लावली की वाचणाऱ्याला नेमकं काय मागितलंय तेच सापडत नाही. मी स्वतः असं मोजते: मागणं जितकं मोठं तितकं वाक्य लांब. त्यांनीच विचारलेली वेळ सांगताना साधं ‘आय अ‍ॅम अव्हेलेबल’ पुरतं, त्यात कसली विनंती? वेळ विचारताना ‘कुड’. ठरलेली वेळ बदलून मागताना ‘वुड इट बी पॉसिबल’ आणि सोबत माफी.

बदलून मागायची वेळ आलीच तर हे घे: ‘आय अ‍ॅम सॉरी टु आस्क, बट वुड इट बी पॉसिबल टु मूव्ह माय इंटरव्ह्यू फ्रॉम थर्सडे टु फ्रायडे? अ‍ॅन अर्जंट फायलिंग हॅज कम अप अ‍ॅट वर्क. आय अ‍ॅम अव्हेलेबल एनी टाइम आफ्टर ३ पी.एम. ऑन फ्रायडे.’ कारण एका ओळीचं आणि खरं. आजारपण, आजीचं वारणं असलं काही रचू नकोस. आम्ही ही कारणं इतकी ऐकलेली असतात की खऱ्या दुःखात असलेल्या उमेदवाराकडेही कुणीतरी संशयाने बघतं, आणि ते मला फार लागतं. कामात अडकले हे कारण पूर्ण सन्मानाचं आहे. हातातलं काम टाकून न पळणारी मुलगी मला तरी हवीच असते.

वेळ अलीकडे आणायची असेल तर ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो आणि मला तो आवडतोही. पण भारताबाहेरचा मॅनेजर अडखळेल. त्याला ‘कुड वी मूव्ह इट टु अ‍ॅन अर्लिअर टाइम?’ विचारायचं. ‘रिव्हर्ट’चंही तसंच. बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं, उत्तर देणं नव्हे, म्हणून ‘रिप्लाय’ लिही. ‘द सेम’, ‘डू द नीडफुल’, ‘आउट ऑफ स्टेशन’ ही सरकारी पत्रव्यवहाराची भाषा. इथे कुणी नावं ठेवणार नाही, पण त्यातून माहितीही काही मिळत नाही. ‘टायमिंग’ ऐवजी ‘टाइम’.

जूनचा महिना आहे, म्हणून पावसाचं वेगळं सांगते. गुरुवारी सकाळी तू निघालीस आणि ठाण्याला गाडी उभी राहिली तर? घाबरून गप्प बसणारे आणि अकरा वाजून गेल्यावर ‘ट्रेन प्रॉब्लेम’ एवढंच लिहिणारे उमेदवार मी दर पावसाळ्यात बघते. अकराच्या आत कळवलंस तर मुंबईत कुणीही समजून घेतं, कारण पलीकडची व्यक्तीही बहुतेक कुठल्यातरी फलाटावर उभी असते. मेसेज असा: ‘गुड मॉर्निंग. द लोकल ट्रेन्स हॅव स्टॉप्ड बिकॉज ऑफ द रेन अँड आय अ‍ॅम अ‍ॅट ठाणे स्टेशन. आय अ‍ॅम अफ्रेड आय मे नॉट रीच यू बाय ११. कुड वी डू धिस ओव्हर व्हिडिओ, ऑर वुड यू प्रिफर अनदर डे?’

यात तू कुठे आहेस ते आलं, काय होईल ते आलं, आणि दोन वाटाही तूच दाखवल्यास. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ला बिचकू नकोस. त्यात भीती नाही, आपण ‘माफ करा, पण’ म्हणतो तेवढंच आहे. मुलाखतकार परदेशात असेल तर ‘वॉटरलॉगिंग’ हा शब्द त्याच्या कानाला या अर्थाने नवा असू शकतो. ‘द रेल्वे ट्रॅक्स आर फ्लडेड’ म्हटलं की चित्र उभं राहतं.

फोनचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मेल चारदा वाचून पाठवता येतो, फोनवर ती सोय नसते. आणि एचआरचा फोन नेमका तू लेडीज डब्यात दोन्ही हातांनी कडी धरून उभी असताना येतो. बहुतेक जण ओरडतात, ‘आय अ‍ॅम इन ट्रेन, कॉल मी लेटर!’ शब्द साधे, पण वागणं उद्धट होऊन जातं. शांतपणे हे म्हण: ‘थँक यू फॉर कॉलिंग. आय अ‍ॅम ऑन अ ट्रेन अँड आय कान्ट हिअर यू वेल. मे आय कॉल यू बॅक अ‍ॅट टेन थर्टी?’ ‘मीच करते फोन’ म्हणण्यातली शालीनता दोन्ही भाषांत सारखी आहे. पुष्कळदा फोन बोर्ड लाइनवरून, म्हणजे ऑफिसच्या सामायिक नंबरवरून, येतो आणि उलट लावला की रेकॉर्ड केलेला आवाजच ऐकू येतो, म्हणून लगेच विचार: ‘इज धिस द बेस्ट नंबर टु रीच यू ऑन?’ आणि ठरलेल्या वेळेला, घड्याळ बघून, फोन करच.

ऑफिसात असताना फोन आला तर आडोशाला जाऊन कुजबुजत मुलाखत देऊ नकोस. ‘आय अ‍ॅम अ‍ॅट वर्क अ‍ॅट द मोमेंट. वुड आफ्टर सिक्स थर्टी सूट यू?’ एवढं पुरे. तू सध्या नोकरीत आहेस हे त्यांना माहीत आहे, आणि त्या नोकरीचा मान राखतेस हेही त्यांना दिसतं.

वेळा बोलताना पावणे आणि सवा यांचा घोळ होतो. मनात पावणेअकरा असतं आणि तोंडातून ‘क्वार्टर टु टेन’ निघून जातं. सरळ आकडे बोल, ‘टेन फोर्टी-फाइव्ह’. कुणी ब्रिटिश माणूस ‘हाफ टेन’ म्हणाला तर ते साडेदहा. दुपारचे बारा असतील तर ‘१२ नून’ लिही, ए.एम.-पी.एम.च्या भानगडीत पडू नकोस. ५/६ अशी तारीख आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे, म्हणून महिन्याचं नाव अक्षरांत. आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ कधीच नको. मी स्वतः पहिल्या नोकरीच्या वेळी येत्या शुक्रवारी गेले होते. त्यांनी त्यानंतरचा शुक्रवार धरला होता. गेटवरच्या रखवालदाराने बसायला खुर्ची दिली, ती अजून आठवते. तेव्हापासून वाराबरोबर तारीख लिहिल्याशिवाय मी मेल पाठवत नाही.

बीकेसीतल्या कंपन्यांत दुसरी फेरी लंडन किंवा न्यू यॉर्कच्या मॅनेजरबरोबर असणं काही दुर्मीळ नाही. तेव्हा ‘आयएसटी’ लिहून थांबू नकोस. आयर्लंड आणि इस्राएल यांच्या वेळांनाही हीच अक्षरं वापरतात. ‘२ पी.एम. मुंबई टाइम’ लिही आणि त्यांचीही वेळ शेजारी दे. सध्या लंडन आपल्यामागे साडेचार तास आहे, म्हणजे आपले दुपारचे दोन तिथे सकाळचे साडेनऊ. हिवाळ्यात हा फरक साडेपाच तास होतो. न्यू यॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. ही आकडेमोड तू करून दिलीस की समोरच्याचं काम वाचतं, आणि तेवढी अदब कुठल्याही ‘काइंडली’त नाही.

वेळ पक्की झाल्याचा मेल आला की त्याच दिवशी दोन ओळी: ‘थँक यू. आय कन्फर्म थर्सडे, १२ जून, अ‍ॅट ११ ए.एम. अ‍ॅट युअर ऑफिस. आय लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू.’ ‘टु मीटिंग’च, ‘टु मीट’ नाही. वेळ आणि जागा पुन्हा लिहायची ती चूक असेल तर आत्ताच सापडावी म्हणून.

दोन कामाचे दिवस काहीच उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायला संकोच नको. उमेदवाराला विसरल्याने नव्हे, तर एखाद्या मुलाखतकाराची वेळ मिळत नसल्याने आम्ही बरेचदा गप्प असतो. ‘आय जस्ट वॉन्टेड टु चेक व्हेदर थर्सडे ऑर फ्रायडे वुड वर्क फॉर यू.’ पुन्हा तेच ‘जरा विचारायचं होतं’. ‘व्हाय हॅव यू नॉट रिप्लाइड’ असला सूर चुकूनही नको, आणि ‘जेंटल रिमाइंडर’ हे शब्दही उमेदवाराने वापरू नयेत असं माझं मत आहे. ते थकलेल्या बिलासाठी ठीक.

मेल फर्मच्या आयडीवरून नको, स्वतःच्या आयडीवरून पाठव. आणि आजच, ऑफिस सुटायच्या आत पाठव, म्हणजे गुरुवारचे अकरा ते एक दुसऱ्या कुणाला जायच्या आधी तुझं नाव त्या कॅलेंडरवर लागेल.